बी-२९ दिवसा उडेनासं का झालं

२३ ऑक्टोबर १९५१ ची, कोरियन युद्धातली सकाळ. ओकिनावातल्या कादेना तळावरून निघालेली आठ अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं उत्तर कोरियातल्या नामसी इथे बांधकाम चालू असलेल्या विमानतळावर चालून गेली. राखणीला पन्नासहून अधिक एफ-८४ जेट होती. उत्तरेला सेबर या अमेरिकी लढाऊ जेटची फळी होती, पण तिला सोव्हिएत बनावटीच्या मिग लढाऊ जेटच्या एका टोळीने तिथेच गुंतवून ठेवलं. बाकीच्या मिग-१५ विमानांनी वरून सूर मारला आणि ती राखणदारांचं कडं भेदून थेट बॉम्बरवर आली. सरळ पंखांच्या एफ-८४ ना त्यांना गाठणं जमेना. तीन बी-२९ पडली, उरलेल्यांपैकी बहुतेकांची चाळण झाली. काही दिवसांतच अमेरिकेने ही विमानं दिवसा पाठवणं बंद केलं.

हेच विमान सहा वर्षांपूर्वी अजिंक्य वाटत होतं. हवेचा दाब राखणारी केबिन, दूरनियंत्रित तोफा, नऊ किलोमीटरवरून उडण्याची ताकद आणि ताशी ५७० किलोमीटरच्या आसपास कमाल वेग. जपानी लढाऊ विमानांना त्या उंचीवर पोचेपर्यंतच दम लागे. त्याची पहिली लढाऊ मोहीम निघाली ती आपल्याकडूनच. ५ जून १९४४ रोजी खरगपूर परिसरातल्या तळांवरून ही विमानं बँकॉकच्या रेल्वे यार्डावर गेली होती. बंगालच्या उन्हाळ्यात त्यांची इंजिनं इतकी तापत, की शत्रू राहिला बाजूला, धावपट्टीवरून सुखरूप उठणं हीच पहिली लढाई असे.

उंची आणि वेग हेच बी-२९ चं खरं चिलखत, आणि जेटने नेमकं तेच काढून घेतलं. बी-२९ प्रोपेलरवर चाले, आणि त्याला नुसतं मोठं इंजिन बसवून भागणार नव्हतं. प्रोपेलरचं पातं गरगर फिरतं आणि विमानाबरोबर पुढेही जातं. विमानाचा वेग वाढत गेला की पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचतं, हवेचा विरोध एकदम वाढतो आणि जादा अश्वशक्ती वाया जाऊ लागते. जेटला बाहेर फिरणारं असं पातंच नाही. मिग-१५ ताशी हजार किलोमीटरच्या पुढे जाई. तिच्या ३७ आणि २३ मिलिमीटरच्या तोफांपुढे बी-२९ च्या १२.७ मिलिमीटरच्या मशीनगन तोकड्या पडत, आणि तोफचीला नेम धरायला जेमतेम काही सेकंद मिळत.

मिग-१५ मुळात घडवली गेली ती असे उंचावरून येणारे बॉम्बर पाडण्यासाठीच. तिचं इंजिन मात्र ब्रिटिश वळणाचं. रोल्स-रॉइसची नीन इंजिनं ब्रिटनच्या मजूर सरकारने सोव्हिएत संघाला रीतसर विकू दिली होती, त्यांचीच ही नक्कल. म्हणजे दोस्ताच्याच कारखान्यातलं तंत्र अमेरिकी बॉम्बरच्या मुळावर आलं. शीतयुद्धात याहून महागात पडलेला सौदा शोधावा लागेल.

असं होणार याची चाहूल आधीच लागली होती. जर्मनीचं मी-२६२ जेट १९४४ मध्येच मैदानात उतरलं होतं, पण उशिरा आणि थोडक्या संख्येने. खुद्द बी-२९ बनवणाऱ्या बोइंगचं बी-४७ हे मागे झुकलेल्या पंखांचं जेट बॉम्बर १७ डिसेंबर १९४७ ला प्रथम उडालं. मिग-१५ चं पहिलं उड्डाण त्याच महिन्याच्या ३० तारखेचं. कोरियात मात्र हाताशी होतं ते जुनंच विमान. मग पोटाला काळा रंग फासून ते रात्री जाऊ लागलं, तर तिथेही शोधदिव्यांच्या झोतात मिग त्याला हेरू लागल्या.

भारतात हा बदल निवांत झाला. महायुद्धानंतर कानपूरला भंगारात टाकलेली बी-२४ लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि १९४८ मध्ये हवाई दलाने त्यांवर बॉम्बर स्क्वाड्रन उभं केलं. १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट बॉम्बर आली तरी लिबरेटर लगेच मोडीत निघाली नाहीत. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायला वेगापेक्षा दम लागतो, आणि तिथे गाठ मिगशी नव्हती. पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक विमान पुढे ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट म्हणून गेलं.