भारनियमनाच्या दुपारी आणि रहस्यकथा : ठाणे-नवी मुंबईतल्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी

मे महिन्यात घरात बसून एका दमात थरारक कादंबरी संपवायची सवय आपल्याकडे कुठून आली असं विचारलं की सगळे लायब्ररीचं नाव घेतात. ते बरोबरच आहे, पण त्यात विजेचा, म्हणजे वीज नसण्याचा, वाटा केवढा मोठा आहे ते फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

जुना भाग थोडक्यात. ठाण्यात रेल्वे १८५३ ला आली, ग्रंथसंग्रहालय १८९३ ला उभं राहिलं, पण रहस्यकथा घराघरात पोचली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, स्वस्त छोट्या पुस्तकांमधून. एकट्या बाबुराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराच्या वर रहस्यकथा आहेत, म्हणजे वाचणारे किती असतील विचार करा. समीक्षकांनी या पुस्तकांकडे ढुंकून पाहिलं नाही, पण गल्लीतल्या लायब्ररीवाल्याला तीच पुस्तकं चालवायला लागायची, कारण डिपॉझिट भरून महिन्याची वर्गणी देणारे लोक तीच मागायचे. पुस्तक पातळ असायचं, जेवण झाल्यावर सुरू केलं की चारच्या चहापर्यंत संपायचं. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले की कावळे हाकलायला पोरांना बसवायचे आणि पोरं हातात पुस्तक असेल तरच बसायची, हे नौपाड्यात-पाचपाखाडीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत, उशीर झाला. नवं शहर वसवायचं ठरलं १९७० च्या सुमारास, वाशीला लोकल आली १९९२ ला, तोपर्यंत माणसं मुंबईतून येताना आपली पुस्तकं घेऊन आली आणि एकाच मजल्यावरच्या चार घरांत ती फिरत राहिली. मग केबल टीव्ही आला. नव्वदीच्या दशकात दुपारचं वाचन दोन्ही शहरांत कमी होत गेलं, लायब्ररीच्या जागी कुठे झेरॉक्सचं दुकान आलं कुठे मोबाईलचं.

आणि मग भारनियमन आलं, म्हणजे वीज कमी पडते म्हणून ठरवून काही तास लाईट घालवणं. हा भाग नीट समजून घ्यायला हवा कारण त्यावरून आजही दोन माणसं वाद घालतात. दाभोळचा (एन्रॉनचा) वीज प्रकल्प २००१ ला बंद पडला, मागणी वाढत राहिली, नवी निर्मिती तेवढी झाली नाही, २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे तुकडे करून वेगळ्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास राज्यभर हजारो मेगावॅटचा तुटवडा उघडा पडला. मुंबई शहराला वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे तिथे पंखे फिरत होते. ठाणे आणि नवी मुंबई राज्याच्या कंपनीकडे, त्यामुळे इथे लाईट जायची. मुलुंड-भांडुप महापालिकेच्या हिशोबाने मुंबईत पण वीज राज्याच्या कंपनीची, म्हणून तिथेही जायची, आणि घाटकोपरला उतरलं की सगळं लख्ख. खाडीपूल ओलांडून मानखुर्दला गेलात तरी तेच. एकाच लोकलने ऑफिसला जाणारी, तेवढाच टॅक्स भरणारी माणसं, आणि घरी आल्यावर एकाकडे उजेड आणि दुसऱ्याकडे मेणबत्ती.

वादाचा मुद्दा मात्र पुढचा आहे. किती तास लाईट घालवायची हे ठरवताना वीजगळती (चोरीत आणि तारांमध्ये वाया जाणारी वीज) किती आणि बिलवसुली किती यावर भागांचे ए, बी, सी असे गट पाडले गेले. जिथे गळती जास्त तिथे जास्त तास. हिशोबाच्या वहीत हे पटतं, चोरी करणाऱ्याला का सवलत द्यायची असं म्हणता येतं. पण गळती मोजली जाते ती अख्ख्या भागाची, एका घराची नाही, म्हणजे दर महिन्याला वेळेत बिल भरणारी म्हातारी बाईसुद्धा शेजाऱ्यांनी तारेवर टाकलेल्या आकड्यांची शिक्षा भोगत होती, आणि तीही भर एप्रिल-मे मध्ये, वरच्या मजल्यावर. मला हा निर्णय तेव्हाही अन्यायाचा वाटायचा, आजही वाटतो. पुण्यात २००६ ला थोडे जादा पैसे देऊन भारनियमन टाळायची योजना आली तेव्हा आमच्याकडेही तसं करा म्हणणारे होते, आणि हक्काच्या विजेसाठी जादा पैसे का द्यायचे म्हणणारेही होते, दोन्ही बाजू एकाच सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या असायच्या. खेड्यापाड्यांत याहून कितीतरी जास्त तास अंधार होता हेही खरं.

या दुपारींनीच रहस्यकथा परत आणली. टीव्ही बंद, पंखा बंद, खाडीवरची दमट हवा, बाहेर पडायची सोय नाही, मग माणूस फरशीवर खिडकीजवळ आडवा होणार, बाजूला पन्ह्याचा ग्लास, आणि असल्या घामात जड पुस्तक डोक्यात शिरत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजतं किंवा प्रेत गायब होतं असं पुस्तकच तिथे टिकतं, कारण उकाडा विसरायला लावायची ताकद त्यात असते. लाईट परत आली तरी खुनी सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेली जुनी पुस्तकं ऐरोली-कोपरखैरण्यात तेव्हा पुन्हा हातोहात फिरली.

२०१२ च्या आसपास शहरांतलं ठरवून केलेलं भारनियमन बरंचसं संपलं. घरोघरी आधी इन्व्हर्टर आले, मग एसी. उन्हाळा मात्र कडक होत गेला. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली आणि त्याच आठवड्यात २१ एप्रिलपासून शाळांना सुट्टी जाहीर झाली. २०२५ ला उलटं झालं, पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, शिक्षक-पालक दोघांनीही आरडाओरडा केला, आणि पोरांच्या वाचायच्या दुपारी तेवढ्या कमी झाल्या. दरम्यान मराठीत ऑडिओबुकची अ‍ॅप आली आहेत, त्यात रहस्यकथा आणि भयकथा जोरात ऐकल्या जातात, कानात हेडफोन घालून आमरसासाठी आंबे पिळता पिळतासुद्धा. ठाण्यातल्या गोखले रोडच्या आसपास आणि वाशीच्या सेक्टरांत लायब्ऱ्या थोड्याच उरल्यात, पण सुट्टी लागली की तिथे अजूनही पहिली मागणी रहस्यकथेचीच असते.