सायलेन्सर दुकानात नव्हे, कराडला ऐकावा

दुकानातल्या पोरानं नवा सायलेन्सर बेंड पाइपवर, म्हणजे एंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीवर, सरकवला, क्लॅम्प आवळला, स्टार्टर मारला आणि दोनदा रेस दिली. शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. मी तिथंच भुललो. त्याच आठवड्यात पहाटे पुणे सोडलं, खंबाटकी उतरलो, सातारा मागं पडलं. एंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा साडेचार हजारांवर ठरलेला, आणि कराड येईतो डोक्यात एकच सूर: घुंऽऽऽ. इअरप्लग घातले तर तो आणखी ठळक झाला. हॉटेलात मिसळ समोर आली तरी कानात तो चालूच. पुढं अख्खं कोल्हापूर, आंबोली आणि गोवा बाकी होतं.

त्या सुराला नेमका आकडा आहे. माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन, ४११ सीसी, एक सिलिंडर. चार स्ट्रोकच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. मिनिटाला ४,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला साडेसदतीस धक्के, म्हणून मूळ स्वर ३७.५ हर्ट्झचा. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचं ऐकतो, तेव्हा हा अगदी तळाचा स्वर, डग्ग्याच्या घुमाऱ्याच्याही खालचा. साध्या हवेत या ध्वनिलहरीची लांबी नऊ मीटर भरते. सायलेन्सर जेमतेम अर्ध्या मीटरचा. सगळी अडचण या दोन मापांत आहे.

आवाज मारायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली, बाजारातल्या बहुतेक आफ्टरमार्केट, म्हणजे मागाहून बसवायच्या, सायलेन्सरमधली: मधून सरळ आरपार जाणारी, भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. ध्वनी त्या तंतूंमध्ये शिरतो, तंतूंमधली हवा घासली जाते आणि आवाजाची किंचित उष्णता होते. पण त्यासाठी लोकरीचा थर लहरीच्या लांबीशी काहीतरी नातं सांगणारा लागतो, चांगला परिणाम हवा तर तिच्या साधारण पाव भागाइतका. कर्कश, वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या लहरी काही सेंटीमीटरच्या, त्यांना दोन-तीन सेंटीमीटरची लोकर पुरते. नऊ मीटरच्या लहरीला सव्वादोन मीटर जाड लोकर लागेल. ती कुठं बांधायची, मागच्या सीटवर? मग होतं असं की लोकर वरचे तीक्ष्ण आवाज गिळते आणि खालचा घुमारा जसाच्या तसा बाहेर सोडते. दुकानात आपण ज्याला ‘भारदस्त बेस’ म्हणून भुलतो तो हाच.

दुसरी पद्धत कंपनीच्या जाड्याभरड्या डब्यात असते. आत दोन-तीन खोल्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या आखूड नळ्या, मध्ये पडदे. हे समजायला नवरात्रातली अष्टमी आठवावी. महालक्ष्मीसमोर बायका घागरी फुंकतात. घागरीच्या तोंडावर फुंकर गेली की आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि एकच गंभीर स्वर घुमतो. घागर हातभर उंचीची, पण तिचा स्वर तिच्या उंचीच्या मानानं फारच खालचा, कारण तो उंचीवर नाही, पोटातली जागा आणि मानेची रुंदी-लांबी यांवर ठरतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं. अशी घागर सायलेन्सरच्या आत बाजूला जोडली, की तिच्या स्वराशी जुळणारी लहर तिच्यात अडकते, उलट्या दाबानं परत येते आणि मूळ लहरीला कापते. नऊ मीटरच्या लहरीला छोट्याशा डब्यात वेसण घालायची युक्ती ती हीच. कंपनीचा सायलेन्सर ‘उगाच जड’ वाटतो, त्यातलं बरंचसं वजन या घागरींचं असतं.

चार सिलिंडरच्या गाडीवाल्यांचं दुखणं यात कमी. तेवढ्याच फेऱ्यांना त्यांचा स्वर चौपट वर, १५० हर्ट्झला जातो आणि आवरायला सोपा होतो. सिंगलची धडधड हवी असेल तर सिंगलचा घुमाराही पदरात येतो.

इअरप्लगचं कोडं नंतर सुटलं. ताशी ६५ किलोमीटरच्या पुढं हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून लांबच्या प्रवासात प्लग घालावेतच. पण फोमचे प्लग वरच्या पट्टीतले आवाज जास्त अडवतात, खालचे कमी. वाऱ्याची सळसळ गेली, तिच्याआड लपलेला घुमारा उघडा पडला. शिवाय तो टाकी, सीट आणि फुटरेस्टमधून अंगात शिरतो; त्याला कान बंद करून काय उपयोग?

आता पिकअपचं. गॅरेजमध्ये कुणीतरी हमखास सांगतं, ‘एंजिनला बॅक प्रेशर, म्हणजे धुराला थोडा अडथळा, लागतोच, मोकळा सायलेन्सर लावला की खालचं पिकअप मरतं.’ निरीक्षण बरंचसं खरं, कारण चुकीचं. एंजिनला अडथळा कधीच नको असतो. त्याला वेळेवर येणारी लाट हवी असते.

धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वाल उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो धक्का नळीतून ध्वनीच्या वेगानं निघतो, आणि सुमारे ५०० अंश तापलेल्या वायूत हा वेग सेकंदाला ५५० मीटरच्या घरात असतो. नळी संपून एकदम मोठी जागा आली की दाब फुटून पसरतो आणि मागं पोकळी उरते. दादरला लोकलमधून लोंढा भसकन उतरला की दाराशी क्षणभर मोकळं होतं आणि आतली माणसं आपोआप दाराकडं ओढली जातात, तसं. ही पोकळी उलटी धावत वालपाशी येते. त्या क्षणी एक्झॉस्ट वाल मिटायचा असेल आणि ताजी हवा आत घेणारा इनटेक वाल उघडू लागला असेल, तर ती उरलासुरला धूर ओढून काढते आणि पाठोपाठ ताजी हवाही आत खेचते. फुकटचा पंप.

पण वेळ साधली तरच. ढोबळ हिशेब असा: लाटेनं जाऊन-येऊन क्रँकच्या (एंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) १२० अंशांएवढा वेळ घ्यावा असं धरू. ६,००० फेऱ्यांना १२० अंश म्हणजे सेकंदाचा तीनशेवा भाग; तेवढ्यात लाट १.८ मीटर धावते, म्हणजे नळी ९० सेंटीमीटर हवी. तीच नळी ३,००० फेऱ्यांना निम्म्या अंशांतच पोकळी परत आणून देते. पाहुणे स्वयंपाक व्हायच्या आत दारात! म्हणून कुठलीही नळी सगळीकडं सारखी खेचत नाही. जाड आणि आखूड केली तर फायदा वर सरकतो. रेसवाल्याला तेच हवं असतं. मागं बायको, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर आंबोलीचा चढ असेल तर आपण राहतो तीन-चार हजारांवर, आणि तिथंच खड्डा पडलेला असतो. विक्रेत्यानं डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख दाखवला तर त्याचं टोक बघू नका, मधला भाग बघा.

नुसता मागचा डबा बदलला, म्हणजे स्लिप-ऑन लावला, तर बेंड पाइप तोच राहतो आणि ताकदीत पडणारा फरक बहुधा सीटवर बसून कळण्याइतकाही नसतो. लडाखला जाणाऱ्यांसाठी एक जोड: उमलिंग ला ही खिंड १९,०२४ फुटांवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. तिथं जी ताकद जाते ती कोणताही पाइप परत आणून देत नाही.

फुल सिस्टमचं, म्हणजे बेंड पाइपसकट सगळं बदलण्याचं, प्रकरण वेगळं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा (धुराच्या कडक नियमांतल्या) गाड्यांत धुराच्या वाटेवर दोन नाजूक गोष्टी बसलेल्या असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. दुसरा ऑक्सिजन सेन्सर, धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा (पंपावरच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास) हे प्रमाण राखलं तरच कन्व्हर्टर धुरातले तिन्ही विषारी घटक (कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन, नायट्रोजनची ऑक्साइडं) एकदम आवरतो, आणि हे राखायचं काम ईसीयू, म्हणजे एंजिनचा छोटा संगणक, सेन्सरच्या सांगण्यावरून करतो. सेन्सर खोटं बोलला की सगळा कारभार बिघडतो. माझ्या मित्रानं फुल सिस्टम बसवून घेतली. फिटरनं सिलिंडरच्या डोक्याजवळची, सांधा बंद करणारी चेपलेली तांब्याची जुनी गॅस्केटच परत लावली. परतीच्या पोकळीनं त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसायचा, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसायचा. अ‍ॅव्हरेज ३० वरून २६. पंधरा दिवस सगळे एअर फिल्टर आणि इंजेक्टरवर संशय घेत होते. रेस सोडल्यावर फटफट फटाके वाजतात, त्यातही पुष्कळदा अशीच एखादी फट असते: न जळलेलं पेट्रोल आणि फटीतून आलेली हवा गरम नळीत भेटतात. पोरं त्याला स्टाइल म्हणतात.

कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपजवळ असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. तो बदलात जाणार असेल तर नकोच. धूर, पीयूसी आणि कायदा तिन्हीकडं अडचण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करू देत नाही, आणि कलम १९०(२) खाली आवाज-प्रदूषणासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपल्याकडच्या पेपरांत अधूनमधून येतातच. १७५ सीसीवरच्या दुचाकींना २००५ च्या नियमांत ८० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती साडेसात मीटरवरून मोजलेली. नळीपासून अर्ध्या मीटरवर मोबाइल धरून आलेला आकडा तिच्याशी ताडू नये. नुसत्या अंतरामुळं दोन्हींत साधारण २३ डेसिबलचा फरक पडतो.

बॅगेचा विचार मात्र मी दुकानात केलाच नव्हता. नवा डबा जुन्यापेक्षा थोडा वर, थोडा बाहेर. आंबोलीत पाऊस लागला, उजव्या बॅगेवर रेनकव्हर चढवलं, आणि सावंतवाडीला उतरून पाहतो तर कव्हरचा पट्टा डब्यावर वितळून काळ्या गुळासारखा चिकटलेला. बॅगा बांधून, कुणालातरी मागं बसवून, सस्पेन्शन दबल्यावर बॅग आणि पाइप यांत चार बोटं जागा उरते का, हे दुकानातच बघायला हवं होतं. स्वारगेटला बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम.

घरी आल्यावर कंपनीचा डबा परत चढवला. नवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे. धाकट्या भावाला तो हवाय, रोज विचारतो. त्याला म्हटलं, लाव, कराडपर्यंत जाऊन ये, मग पैशाचं बोलू.