क्रीप : रेडिओहेडचे पहिले सिंगल

‘क्रीप’ हे रेडिओहेड या इंग्लिश अल्टरनेटिव्ह रॉक बँडचे पहिले सिंगल, म्हणजे स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले गाणे होय. पार्लोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीने ते २१ सप्टेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित केले आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये आलेल्या ‘पाब्लो हनी’ या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये त्याचा समावेश झाला. ज्याच्या नुसत्या असण्याने इतरांना अवघडल्यासारखे व्हावे, अशा नकोशा माणसाला इंग्रजी बोलीत ‘क्रीप’ म्हणतात. या गाण्यातला प्रेमिक हा शब्द स्वतःलाच लावतो. जिच्याकडे तो ओढला गेला आहे ती त्याला इतकी सुंदर वाटते, की तिच्यासमोर उभे राहण्याचीही आपली लायकी नाही अशी त्याची खात्री पटलेली असते. मायदेशात जवळजवळ अपयशी ठरलेले हे गाणे परदेशातल्या रेडिओ केंद्रांनी उचलून धरले, तेथून ते वर्षभराने ब्रिटनमध्ये परतले आणि त्यानंतर ज्यांनी ते रचले त्यांनाच बरीच वर्षे जड झाले. त्याच्या स्वागताचा इतिहास त्यामुळे त्याच्या रचनेइतकाच लक्षणीय आहे.

रेडिओहेडचे पाचही सदस्य, म्हणजे गायक थॉम यॉर्क, गिटारवादक जॉनी ग्रीनवुड आणि एड ओब्रायन, बेसवादक कॉलिन ग्रीनवुड व ड्रमवादक फिल सेल्वे, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील एकाच शाळेचे विद्यार्थी. ‘ऑन अ फ्रायडे’ या नावाने ते शाळेपासून एकत्र वाजवत होते. १९९१ च्या अखेरीस ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाल्यावर त्यांनी नाव बदलले. ‘क्रीप’ मात्र त्याहून जुने आहे. यॉर्कने ते एक्सेटर विद्यापीठात शिकत असताना लिहिले होते. १९९२ मध्ये पॉल कोल्डेरी आणि शॉन स्लेड हे अमेरिकन निर्माते ऑक्सफर्डशायरमधील चिपिंग नॉर्टन स्टुडिओत बँडबरोबर काम करू लागले, तेव्हा ठरलेली गाणी वेगळीच होती आणि ती काही केल्या रंगत नव्हती. एका तालमीत बँडने सहज ‘क्रीप’ वाजवले आणि यॉर्कने ‘हे आमचे स्कॉट वॉकर गाणे’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. स्कॉट वॉकर हा खोल आवाजाचा, उदास बाजाचा गायक. निर्मात्यांनी या बोलण्याचा शब्दशः अर्थ घेतला आणि सर्वांत चांगले गाणे नेमके दुसऱ्याचे निघाले म्हणून ते हळहळले. पुढे बँडचा हुरूप वाढावा म्हणून त्यांनी तेच गाणे पुन्हा वाजवायला सांगितले. ते संपताच स्टुडिओत टाळ्या पडल्या, आणि गाणे बँडचेच आहे हे कळल्यावर सिंगल म्हणून त्याची निवड झाली.

रचना साधी आहे. जी मेजर, बी मेजर, सी मेजर आणि सी मायनर हे चार कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने फिरत राहतात. कडव्याला एक चाल आणि ध्रुपदाला दुसरी स्वरसंगती अशी सोय येथे नाही. तरीही एकसुरीपणा जाणवत नाही, याचे कारण कॉर्डांच्या आत दडलेल्या एका स्वरात आहे. ‘जी’ला षड्ज मानले तर पहिल्या कॉर्डमधला पंचम दुसऱ्यात कोमल धैवतावर चढतो, तिसऱ्यात शुद्ध धैवताला पोहोचतो, चौथ्यात पुन्हा कोमल धैवतावर उतरतो आणि आवर्तन संपताच पंचमावर येऊन टेकतो. शुद्धावरून कोमलाकडे येणारा तो उतार म्हणजे या गाण्याचा सुस्काराच आहे. शब्द न कळणाऱ्या श्रोत्यालाही गाण्यातली हार ऐकू येते ती बहुधा याच जागी.

दुसरी जागा जॉनी ग्रीनवुडची. ध्रुपदाच्या अगदी तोंडाशी, शांत कडवे संपत असताना, गिटारचे खरबरीत, तुटक आघात येतात. तारा डाव्या हाताने दाबून सूर काढण्याऐवजी नुसत्या झाकून धरायच्या आणि उजव्या हाताने त्यांवर जोरात प्रहार करायचा, असे त्याचे तंत्र आहे. त्यातून सूर निघत नाही, खरखरीत ठोका निघतो आणि लगेच गिटारची पूर्ण गर्जना सुरू होते. गाणे फार मुळमुळीत आहे असे ग्रीनवुडला वाटे, म्हणून त्याने गिटारवर असे घाव घातले, आणि तो जणू गाणे बिघडवायलाच निघाला होता, अशी आठवण बँडने सांगितली आहे. प्रत्यक्षात त्या आघातांनीच गाण्याला ओळख दिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते वगळले तर हाती उरते ते एक देखणे पण ओळखीच्या वळणाचे विरहगीत. ध्वनिमिश्रणाच्या वेळी पियानो आधी घालायचा कोल्डेरीकडून राहून गेला आणि तो केवळ शेवटच्या भागात आला. बँडला ते आवडले व तसेच ठेवले गेले.

मधल्या भागात यॉर्कचा आवाज उंच सप्तकात जातो. ही चाल आणि कॉर्डांची मांडणी यांचे ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या गाण्याशी साम्य आहे. अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचे हे गाणे १९७४ मध्ये द हॉलीज या बँडमुळे गाजले होते. साम्यावरून दावा उपस्थित झाल्यावर रेडिओहेडने ते मोकळेपणाने मान्य केले, आणि तेव्हापासून हॅमंड व हेझलवूड यांना सहगीतकार म्हणून श्रेय व मानधनाचा वाटा मिळतो.

ब्रिटनमधले पहिले स्वागत थंड होते. बीबीसी रेडिओ १ ने गाणे फार निराशाजनक ठरवून नियमित प्रसारणात घेतले नाही. सुमारे सहा हजार प्रती खपल्या आणि ब्रिटनमधील लोकप्रिय सिंगल्सच्या यादीत ते ७८ व्या स्थानावर थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस इस्रायलमध्ये योआव कुटनेर या रेडिओ निवेदकाने ते वारंवार वाजवल्यामुळे तेथे ते लोकप्रिय झाले, आणि एप्रिल १९९३ मध्ये बँडने तेल अवीवला जाऊन कार्यक्रम केले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या केआयटीएस केंद्राने ते उचलले, मागोमाग पश्चिम किनाऱ्यावरची इतर केंद्रे आली. ध्रुपदात एक शिवी आहे. रेडिओसाठी तिच्या जागी ‘व्हेरी’ हा निरुपद्रवी शब्द घालून वेगळी आवृत्ती ध्वनिमुद्रित करण्यात आली. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या यशानंतर अमेरिकन श्रोता गिटारच्या गोंगाटाला आणि आत्मतिरस्काराच्या शब्दांना सरावलेला होता, त्यामुळे भूमी तयार होती असे म्हणता येईल. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीत गाणे दुसऱ्या, तर हॉट १०० यादीत ३४ व्या स्थानी पोहोचले. बँडची फारशी इच्छा नसताना सप्टेंबर १९९३ मध्ये ते ब्रिटनमध्ये पुन्हा प्रकाशित झाले आणि या वेळी सातव्या क्रमांकावर गेले. गाणे तेच, ध्वनिमुद्रणही तेच. वर्षभरापूर्वी ज्या कारणाने ते नाकारले गेले, तेच कारण आता त्याच्या बाजूने बोलत होते.

या यशाची किंमत बँडने मोजली. १९९३ च्या दौऱ्यांत हे एकच गाणे ऐकायला आलेले प्रेक्षक ते संपताच उठून जात. एका गाण्यापुरता बँड हा शिक्का बसण्याची भीती खरी होती. १९९४ च्या ‘माय आयर्न लंग’ या गाण्यात हा वैताग उघड दिसतो: ज्या यंत्राने श्वास चालू ठेवला त्यातच अडकून पडल्याची ती प्रतिमा आहे. ‘द बेंड्स’ (१९९५) आणि ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) या अल्बमांनी तो शिक्का पुसला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बँडने ‘क्रीप’ क्वचितच वाजवले. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या साउथ पार्कमध्ये, अखेरच्या गाण्याच्या वेळी ऑर्गन बिघडल्यावर त्याऐवजी हेच गाणे सादर झाले. २००९ च्या रेडिंग महोत्सवानंतर ते थेट मे २०१६ मध्ये पॅरिसला ऐकू आले.

इतर कलाकार मात्र ते गात राहिले. २००८ मध्ये अमेरिकेतील कोचेला महोत्सवात प्रिन्स या अमेरिकन गायकाने ते गायले आणि प्रेक्षकांनी टिपलेल्या चित्रफिती इंटरनेटवरून काढायला लावल्या. त्यावर गाणे आमचे आहे, ते लोकांना ऐकू द्या, अशी भूमिका यॉर्कने घेतली. बेल्जियममधील स्काला या मुलींच्या गायनवृंदाने पियानोच्या साथीने केलेली आवृत्ती २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’ चित्रपटाच्या जाहिरातपटात वापरली गेली. त्यात ग्रीनवुडचे आघात नाहीत. गाणे तरीही उभे राहते, मात्र त्यातला संताप निघून जाऊन केवळ दुःख उरते. २०१८ मध्ये अमेरिकन गायिका लाना डेल रेच्या ‘गेट फ्री’ या गाण्याशी साम्य असल्यावरून श्रेयाचा वाद उद्भवला. एकेकाळी हॅमंड आणि हेझलवूड ज्या बाजूला होते, त्या बाजूला आता रेडिओहेडचे प्रकाशक उभे होते. २०२१ मध्ये यॉर्कने स्वतः या गाण्याचे एक नवे रूप प्रसिद्ध केले: लय ओढून ओढून नऊ मिनिटांपर्यंत लांबवलेली, सिंथेसायझरच्या धूसर स्वरांत बुडालेली आवृत्ती, जिच्यात तरुणपणीचा तो आवाज थकल्यासारखा ऐकू येतो.