वॉरम पर्सीचं चर्च प्लेगने ओस पाडलं नाही

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये वॉरम पर्सी इथे सेंट मार्टिन चर्चचे बिनछपराचे अवशेष उभे आहेत. '१३४८-४९च्या प्लेगात अख्खं गाव मेलं आणि चर्च ओस पडलं,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. प्लेगनंतरही गाव दीडेकशे वर्षं नांदतं होतं. १५००च्या सुमारास जमीनदाराने उरल्यासुरल्या कुळांना हुसकावलं, कारण शेतीपेक्षा मेंढ्यांचं कुरण जास्त पैसा देत होतं. माणसांनी केलेला हा अन्याय रोगाच्या माथी मारणं मला मुळीच पटत नाही.

चर्च तर शेजारच्या गावांसाठी विसाव्या शतकापर्यंत चालू होतं. भिंतीतल्या दगडांनी बुजवलेल्या कमानी पाहा: माणसं घटली तसे बाजूचे भाग पाडून चर्च लहान केलं गेलं. मनोरा अर्धा ढासळला, तोही विसाव्या शतकातच.