व्यक्तिसातत्य

व्यक्तिसातत्य : वर्षे लोटली तरी माणूस ‘तोच’ राहतो म्हणजे काय, आणि तो तोच आहे हे कशावरून ठरवायचे, अशा दोन प्रश्नांचा हा विषय. पहिला प्रश्न तत्त्वज्ञांचा, दुसरा कचेरीचा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात दुसरा प्रश्न घरोघरी येतो, त्यामुळे पहिल्याची उत्तरे किती टिकतात तेही तिथे बघायला मिळते.

‘तो आता पूर्वीचा राहिला नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा स्वभाव बदलला एवढेच म्हणायचे असते. ज्याच्याबद्दल बोलतो तो माणूस एकच धरलेला असतो, नाहीतर तक्रार कुणाविषयी? सारखेपणा आणि एकपणा या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढची सगळी चर्चा घसरते.

वेदान्तात यासाठी ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे ‘तो हाच देवदत्त’, हे ठरलेले उदाहरण आहे. ‘तो’ पूर्वी दुसरीकडे पाहिलेला, ‘हा’ आत्ता समोर उभा. ‘तेव्हा-तिथे’ आणि ‘आता-इथे’ यांचा मेळ बसत नाही. तेवढा विरोधी भाग टाकायचा आणि उरलेला देवदत्त घ्यायचा. अर्थ लावण्याच्या या रीतीला भागत्यागलक्षणा म्हणतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अशा ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि तिच्या आधारे कायम टिकणारा आत्मा मांडतात. बौद्धांना ते मान्य नाही. नागसेन या बौद्ध भिक्षूने मिलिंद या ग्रीक राजाला दिव्याचा दाखला दिला : पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नव्हे, पण वेगळीही नव्हे, रात्रभर उजेड मात्र एकाच दिव्याचा.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (1632–1704) याने स्मरणावर भर दिला : जे केल्याची जाणीव आज मला आहे, ते करणारा मी. यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने 1785 मध्ये काढलेली खोच प्रसिद्ध आहे. बाग लुटल्याबद्दल मार खाल्लेला पोरगा पुढे लष्करी अधिकारी होतो आणि शत्रूचे निशाण जिंकतो. उतारवयात तोच सेनापती होतो. अधिकाऱ्याला पोरपणीचा मार आठवतो, सेनापतीला निशाण आठवते, पण मार आठवत नाही. मग सेनापती तो पोरगा नव्हे काय? यातून निघालेली दुरुस्ती अशी, की थेट आठवण नसली तरी चालेल, लागोपाठच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या हव्यात. कचेरीतले कामही, कुणी तसे म्हणो वा न म्हणो, याच साखळीवर चालते.

1950 साली बेळगाव तालुक्यात जन्मलेला माणूस घ्या. तो जन्मला मुंबई राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. 1973 मध्ये त्या राज्याचे कर्नाटक झाले. 2014 मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. घर हलले नाही, दारातली तुळस हलली नाही, पण कागदांवर राज्य दोनदा आणि गाव एकदा बदलले. महाराष्ट्रातल्या चंदगडहून लग्न होऊन आलेल्या बाईची गुंतागुंत वेगळीच : माहेरचा दाखला नि सातबारा मराठीत, सासरचा उतारा कन्नडमध्ये, आणि मधल्या काळात आडनाव बदललेले.

नाव फाटते ते बहुधा लिपी बदलताना. घरात ‘यल्लाप्पा’ म्हणतात, कन्नडमध्ये ते ‘यल्लप्प’ होते, आधारवर इंग्रजीतून परत येताना ‘यलप्पा’. मराठीत ‘पाटील’चा शेवटचा ल आपण तोडून उच्चारतो; कन्नडमध्ये कुणी तो पूर्ण लिहितो, कुणी मोडका. कन्नडमध्ये ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’ला वेगळी अक्षरे आहेत, मराठीत एकच; त्यामुळे ‘शेवंता’ दोन तऱ्हांनी उतरते. त्याहून जुने मोडी कागद असतील तर तिथे ऱ्हस्व-दीर्घ भेदच पाळलेला नसतो. परशराम आणि परशुराम हे तर नेहमीचेच. जन्मतारखेची कथा निराळी : शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहीत. वय ठरवायला ‘कोयनेच्या भूकंपाला (11 डिसेंबर 1967) रांगत होता’ एवढाच आधार. म्हणून एका वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, याचे कुणाला नवल वाटत नाही.

दुरुस्तीला बसताना सगळे कागद जुन्यापासून नव्याकडे मांडावेत : जन्मदाखला, शाळेचा दाखला, एसएसएलसीचे (कर्नाटकातल्या दहावीचे) मार्क्सकार्ड, लग्नाची नोंद, उतारा, रेशनकार्ड, आधार. पहिला आणि शेवटचा कागद जुळलाच पाहिजे असे नाही. कोणत्या दोन लगतच्या कागदांत साखळी तुटते ते शोधावे आणि मुळाकडचा कागद आधी दुरुस्त करावा. बहुतेक जण उलटे करतात, म्हणजे आधी आधार बदलतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईत ती संधी खर्ची पडली की पुढे चुकीच्याच नावामागे बाकीचे कागद ओढत न्यावे लागतात.

जन्माची नोंदच नसेल तर 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागतो. 21 दिवसांत कळवल्यास फी नाही. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश.

नाव दोन, माणूस एक अशी स्थिती असेल तर ‘एकच व्यक्ती’ असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करतात. त्यात वय, धंदा, पत्ता, वडिलांचे नाव. मग प्रत्येक कागदाचे नाव, क्रमांक, तारीख आणि त्यावरचे नाव जसेच्या तसे, त्याच लिपीत. शेवटी ही सर्व नावे माझीच असे विधान. ‘स्पेलिंगमध्ये किरकोळ फरक आहे’ एवढेच लिहून आणलेला कागद परत येतो, कारण कोणता फरक हेच त्यात नसते. वडिलांचे नाव आणि गाव दोन्हीकडे सारखे असेल तर काम सोपे. तेही वेगळे असेल तर नुसत्या शपथेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असणे यात अशक्य काहीच नाही.

प्रतिज्ञापत्राने जुनी नोंद बदलत नाही. भागत्यागलक्षणेसारखे ते विरोध बाजूला ठेवते, पुसत नाही. जन्मतारखेला तर ते चालतच नाही. सरकारी नोकराची तारीख बदलण्यावर कर्नाटकात 1974 च्या कायद्याने तीन वर्षांची मुदत घातली आहे. निवृत्ती जवळ आल्यावर आईने सांगितलेली तारीख खरी असली तरी उपयोग नाही, सेवापुस्तकातलीच धरली जाते.

सर्वांत अवघड बाब मृताची, कारण त्याला शपथ घेता येत नाही. उताऱ्यावर आजोबा ‘यल्लाप्पा’, मृत्यूदाखल्यावर ‘यल्लप्प’, आणि वारसा लावायला गेलेल्या नातवाला तलाठी विचारतो, हे दोघे कोण? अशा वेळी वंशावळीत ‘ऊर्फ’ घालून दोन्ही नावे लिहितात आणि वारस शपथ घेतात; जोडीला आजोबांना ओळखणाऱ्या गावच्या जाणत्यांचा जबाब. हे सगळे टाळायचे तर मृत्यूची नोंद करायला जाणाऱ्याने उतारा खिशात घालून जावे आणि त्यावरचे नाव अक्षर-अक्षर बघून सांगावे. दुःखाच्या दिवसांत पुतण्या किंवा शेजारी जातो आणि हाक मारायचे नाव सांगून येतो.