परदेशात राहिलं की अमेरिकेचा कर सुटतो का?

‘अमेरिकन नागरिक परदेशात स्थायिक झाला की तिकडचा कर संपला,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. प्रत्यक्षात अमेरिका नागरिकाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर लावते, तो राहो कुठेही. गैरसमज होणं स्वाभाविक आहे: फॉर्म २५५५ भरला की परदेशातल्या पगाराला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, म्हणून अनेकांचा कर शून्यावर येतो. पण विवरणपत्राशिवाय ती सूट नाही, आणि व्याज-भाड्याला ती लागूच होत नाही.

पुण्यात परतलेल्या अमेरिकन पासपोर्टधारकाचं एफडीचं व्याज फॉर्म १०४० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या वार्षिक आयकर विवरणपत्रात, दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे अमेरिकेच्या करातून वजावट, फॉर्म १११६ वर मागता येतं. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तेही वेगळं कळवायचं. यातला दंड जबर असतो, म्हणून परतलेल्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा. पडताळायचं तर फॉर्म २५५५ च्या अधिकृत सूचना ऑनलाइन मोफत मिळतात.