फ्लोराइट की कॅल्साइट? न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील एका बंद खाणीच्या निमित्ताने

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सोकोरो परगण्यातील बिंगहॅम या छोट्याशा वस्तीजवळ, सिएरा ऑस्क्युराच्या डोंगरउतारावर ब्लँचर्ड नावाची जुनी खाण आहे. हा भाग हॅन्सनबर्ग खाणक्षेत्र म्हणून ओळखला जातो. येथील व्यापारी उत्पादन केव्हाच थांबले, पण फिकट निळ्या आणि जांभळट घनाकृती फ्लोराइटमुळे खनिजसंग्राहकांच्या जगात तिचे नाव अजून टिकून आहे. ज्या खडकात हे फ्लोराइट सापडते तो आहे चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्साइट. ही दोन्ही खनिजे काचेसारखी चमकतात, रंगहीन किंवा अनेक रंगांची असू शकतात, आणि हातोडीच्या घावाने दोन्ही गुळगुळीत सपाट पृष्ठांवर फुटतात. त्यामुळे खाणीबाहेरच्या दगडांच्या ढिगात नवख्याची फसगत होणे अगदी स्वाभाविक आहे.

रंगावर विसंबण्यात अर्थ नाही. पाहावे ते फुटलेल्या तुकड्याच्या कोनांकडे. कॅल्साइटला पाटनाच्या, म्हणजे सपाट फुटण्याच्या, तीन दिशा असतात आणि त्या परस्परांशी काटकोन करत नाहीत. म्हणून त्याचा तुकडा बाजूला कललेल्या पेटीसारखा दिसतो. फ्लोराइटला अशा चार दिशा असल्याने त्याचे स्फटिक घनाकृती वाढले, तरी फुटताना घनाचे कोपरे तिरपे निघून जातात, आणि सगळे कोपरे उडाले की हाती आठ त्रिकोणी बाजूंचा तुकडा उरतो. एकच खनिज वाढते एका आकारात आणि फुटते दुसऱ्याच आकारात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. खनिजांचे काठिण्य १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोज (Mohs) श्रेणीवर कॅल्साइट ३ आणि फ्लोराइट ४ वर आहे. पोलादी चाकूचा ओरखडा दोघांवरही उमटतो, त्यामुळे चाकू निर्णय देत नाही. मात्र फ्लोराइटच्या धारेने कॅल्साइटवर रेघ ओढता येते, उलट ओढता येत नाही. स्वच्छ कॅल्साइटखाली कागदावरची ओळ दुहेरी दिसते, फ्लोराइटखाली ती एकच राहते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट फसफसते आणि फ्लोराइट शांत राहते. वजनाचा फरकही जाणत्या हाताला कळतो, कारण फ्लोराइटचे विशिष्ट गुरुत्व ३.१८, तर कॅल्साइटचे २.७१ आहे.

या दोघांचे नाते मात्र दिसण्यापुरते नाही. कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेट, फ्लोराइट हे कॅल्शियम फ्लोराइड. दोघांचा पाया कॅल्शियमच. हॅन्सनबर्गचा चुनखडक सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. खनिजे त्यात फार नंतर आली. रिओ ग्रांदे नदीची खचदरी, म्हणजे जमीन ताणली जाऊन खचलेला पट्टा, उघडत असताना समुद्रापेक्षाही कितीतरी खारट असे उष्ण पाणी भेगांमधून वर चढले. स्फटिकांत अडकून राहिलेल्या त्याच्या सूक्ष्म थेंबांवरून त्याचे तापमान साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, असे दिसते. हे पाणी फ्लोरीन, बेरियम आणि शिसे घेऊन आले, आणि चुनखडकातील भेगा-पोकळ्यांत फ्लोराइट, बॅराइट (बेरियमचे खनिज), गॅलेना (शिशाचे खनिज) व क्वार्ट्झ जमा झाले. अशा पाण्यातले फ्लोराइड कॅल्साइटमधल्या कार्बोनेटची जागा घेऊ शकते. कॅल्शियम तेवढेच राखून कॅल्साइटचे फ्लोराइट झाले, तर आकारमान जवळजवळ एकतृतीयांशाने घटते, म्हणजे या बदलातूनच नव्या पोकळ्या निर्माण होतात. स्फटिकाला सुडौल बाजू फुटण्यासाठी मोकळी जागा लागते, हे ध्यानात घेतले की कॅल्साइटची हानी फ्लोराइटच्या सौंदर्याला कशी हातभार लावते, ते उमगते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे माणसे आली ती शिशासाठी. फ्लोराइट आणि बॅराइट तेव्हा मलखनिजेच, म्हणजे धातुकाबरोबर येणारी टाकाऊ खनिजेच, होती. त्यांना मोल आले ते विसाव्या शतकात. धातुभट्टीत मळी, म्हणजे वितळलेल्या धातूवर साचणारा टाकाऊ भाग, पातळ करण्यासाठी फ्लोराइट लागते, आणि सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवून त्यापासून हायड्रोजन फ्लोराइड मिळते. या दुसऱ्या कामासाठी ९७ टक्के किंवा त्याहून शुद्ध माल लागतो, आणि कॅल्साइटशी झालेली गल्लत खरी महाग पडते ती येथे. मालात कॅल्साइट राहिले की ते सल्फ्युरिक आम्ल फुकट खाते आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस काढते. वेगळे करावे, तर तेही सोपे नाही. दळलेले खनिज पाण्यात ढवळून, ओलेइक आम्लासारख्या द्रव्याने हवे ते कण बुडबुड्यांना चिकटवून वर आणतात. पण ते द्रव्य पृष्ठावरच्या कॅल्शियमला धरते आणि कॅल्शियम दोघांकडेही आहे. डोळा फसतो तसे रसायनही फसते, आणि त्यावर उपाय म्हणून कॅल्साइटला दाबून ठेवणारी आणखी द्रव्ये घालावी लागतात. या साऱ्याला पाणी भरपूर लागते. सिएरा ऑस्क्युराच्या पश्चिमेला पसरलेल्या निर्जल मैदानाला स्पॅनिश प्रवाशांनी होर्नादा देल मुएर्तो, म्हणजे मेलेल्या माणसाचा प्रवास, असे नाव दिले होते, हे येथे आठवावे.

याच मैदानात, खाणीपासून ३० किलोमीटरच्या आत, १६ जुलै १९४५ च्या पहाटे जगातला पहिला अणुस्फोट झाला. त्या बाँबमधले प्लुटोनियम धातुरूपात मिळवताना त्याच्या फ्लोराइडवर कॅल्शियमची क्रिया केली जात असे, आणि मागे उरणारी मळी होती कॅल्शियम फ्लोराइड, म्हणजे रासायनिकदृष्ट्या फ्लोराइटच.

आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत कॅल्साइट विपुल मिळते, फ्लोराइट दुर्मीळ. नाशिक जिल्ह्यातील माहोदरीच्या दगडखाणीत मिळालेले पिवळे फ्लोराइट तर घनाकृती नसून गोल घुमटांसारखे, क्वार्ट्झवर चिकटलेले आहे. तेथे कोपरे शोधणारा डोळा काहीच सांगू शकत नाही, म्हणून आम्लाचा थेंब आणि काठिण्य यांवरच निर्णय करावा लागतो. थेंब टाकण्यासाठी मात्र नमुन्याची मागची, न दिसणारी बाजू निवडावी.